मक्याचा चोथा आणि गोठ्यातील म्हैस



आज आपण जनावरांच्या खाद्याचा एक पाठ वाचू. ज्वारीचा कडबा, तुरीचे कुटार, सरकीची ढेप हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे खाद्य आपल्या आजोबांच्या वेळी नव्हते. आता ते पोत्यांनी येऊ लागले आहे. म्हणून त्याची माहिती करून घेतली पाहिजे.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. घरी एकच म्हैस. दुधाच्या पैशावर घर चालते. दोन वर्षांचा नातू त्याच म्हशीचे दूध पितो. एका रात्री पाटी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या,

"गुरुजी, ढेपवाला म्हणते, मक्याचं खाद्य आलं आहे. सरकी ढेपेपेक्षा स्वस्त भेटते. घालू का म्हशीले?"

"पोत्यावर काय लिहिलं आहे, बाई?"

"ते तं नाई पाहिलं मी."

"मग उद्या पाहून या. तोवर विकत घेऊ नका."

त्यांना असे का सांगितले, ते ह्या पाठात आहे.

हे खाद्य म्हणजे काय?

ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवले, तर सकाळी ते आंबते. त्याची आंबील होते. पिठात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात, म्हणून असे घडते.

कारखान्यात असेच काम मोठ्या प्रमाणावर होते. मका दळतात. पाण्यात शिजवतात. त्यात ईस्ट नावाचे बारीक जीव सोडतात. मक्याच्या दाण्यात जो पिठूळ भाग असतो, त्याची आधी साखर होते. मग ईस्ट ती साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. तो मद्यार्क वाफ करून वेगळा काढतात. त्यातले पाणी काढून टाकले की इथेनॉल तयार होते. ते पेट्रोलमध्ये मिसळतात.

आपल्या देशात हे मिसळण्याचे काम २००३ साली काही राज्यांत सुरू झाले. तेव्हा इथेनॉल मुख्यतः उसाच्या मळीपासून होत असे. २०१८ साली सरकारने नवे धोरण केले. खराब झालेले धान्य आणि तुकडा तांदूळ यांपासूनही इथेनॉल करण्यास मुभा मिळाली. पुढे मक्याचा वाटा फार वाढला. २०२५ सालापर्यंत देशात १०० लिटर मिश्र पेट्रोलमध्ये २० लिटर इथेनॉल घालण्यापर्यंत मजल गेली.

एक क्विंटल मक्यापासून सुमारे ३७ ते ३८ लिटर इथेनॉल निघते. मागे जो चोथा उरतो, तो वाळवला तर सुमारे ३० किलो भरतो. बाजारात ह्या वाळलेल्या चोथ्याला डीडीजीएस म्हणतात. पोत्यावर हीच चार अक्षरे इंग्रजीत छापलेली असतात. आपण ह्या पाठात त्याला चोथाच म्हणू.

तांदळाचाही असा चोथा येतो. त्याचे गुण थोडे वेगळे असतात. म्हणून घेताना मक्याचा की तांदळाचा, हे विचारावे.

तिप्पट होण्याची गोष्ट

भगिनींनो, तुम्ही दूध आटवून खवा करता. पाणी उडून जाते. दुधाचा कस खव्यात राहतो. पण दुधात चिमूटभर मीठ पडले असेल तर काय होईल? दूध पिताना ते कदाचित कळणार नाही. खवा मात्र खारट लागेल. पाणी उडाले, मीठ उडाले नाही.

मक्याच्या चोथ्याचे तसेच आहे. दाण्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग पिठूळ असतो. तो निघून जातो. बाकीचे सारे एक तृतीयांश वजनात गोळा होते. म्हणून मक्यात जे होते, ते चोथ्यात जवळजवळ तिप्पट होते.

अंगाला बळ आणि दुधाला कस देणाऱ्या भागाला प्रथिन म्हणतात. मक्याच्या १०० किलोत ते ९ किलोच्या आसपास असते. चोथ्याच्या १०० किलोत ते २७-२८ किलो असते. तेलही तसेच वाढते. ही झाली चांगली बाजू.

पण मक्याला बुरशी लागली असेल, तर तिचे विषही चोथ्यात तिप्पट होते. शिजवल्याने ते जात नाही. आंबवल्याने जात नाही. पेट्रोलसाठी जो मका घेतात, त्यात माणसाच्या खाण्याला न चालणारा मकाही असू शकतो. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा.

परदेशात काय करतात?

अमेरिकेत मका फार पिकतो. तिकडच्या नेब्रास्का, आयोवा ह्या राज्यांत इथेनॉलचे मोठे कारखाने आहेत. तिथे मांसासाठी गुरे पाळतात. विकण्याआधी काही महिने त्यांना एका आवारात ठेवून भरपूर चारतात. वजन वाढले की विकतात. कारखान्यातला चोथा ओला असतानाच ट्रकने ह्या आवारात नेतात. एकूण कोरड्या खाद्याच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत तो घालतात. नेब्रास्काच्या विद्यापीठात ह्यावर पुष्कळ वर्षे प्रयोग झाले आहेत.

आपल्या राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. गाईसाठी १९७६ चा कायदा होता. २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. तेव्हा आपल्याकडे हा चोथा दुधाच्या गाई-म्हशींना, बाजारासाठी वाढवलेल्या बोकडांना आणि कोंबड्यांना घालतात.

म्हणून परदेशातला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. तिकडचे जनावर ह्या खुराकावर काही महिनेच असते. आपली म्हैस गोठ्यात वर्षानुवर्षे राहते. शिवाय तिचे दूध आपली लेकरे पितात. नागपुरी म्हैस आणि आपल्या भागातली गवळाऊ गाय कुटारावर, कडब्यावर वाढलेली जनावरे आहेत. त्यांच्या पोटाला नवे खाद्य हळूहळूच दाखवले पाहिजे.

माझी चूक

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

मी हेडमास्तरकीतून मोकळा झालो आणि एक म्हैस घेतली. एका माणसाने मला ओला चोथा आणून दिला. फारच स्वस्त होता. मी चार पोती उतरवून घेतली. दिवस मे महिन्याचे. नागपूरचे ऊन तुम्हाला सांगायला नको. पोती मी सावलीत ठेवली, म्हणून निर्धास्त होतो.

पहिल्याच दिवशी मी मोठी टोपली भरून म्हशीपुढे ठेवली. तिने आवडीने खाल्ले. मला वाटले, चांगले लागलेले दिसते. पाचव्या दिवशी पोत्याला आंबूस-कुजका वास येऊ लागला. वरचा पांढरा थर मी हाताने काढून फेकला आणि खालचा माल घातला. टाकून द्यायला जिवावर आले.

सहाव्या दिवशी म्हैस रवंथ करीना. पोट फुगले. शेण पातळ झाले. डॉक्टर आले, औषध दिले. म्हैस वाचली, पण दूध निम्म्यावर आले आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही.

डॉक्टरांनी मला विचारले, "गुरुजी, वास आला नाही का तुम्हाला?"

वास आला होता. पण माल स्वस्त होता.

त्या दिवसांनंतर मी ह्या खाद्याची माहिती मिळवू लागलो. तीच तुम्हाला देत आहे.

पाच धोके

पहिला धोका बुरशीचा. मक्याला ओल लागली की हिरवट-पिवळी बुरशी येते. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे विष फार थोडे असले तरी पुरते. जनावरांच्या खाद्यात एक किलोला २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. म्हणजे ५०० क्विंटल खाद्यात फक्त १ ग्रॅम. म्हैस ते खाते, त्यातले थोडे दुधात उतरते. दूध उकळले तरी जात नाही. बुरशी झटकली, खाद्य उन्हात घातले, धुतले, तरी आत मुरलेले विष राहते. म्हणून बुरशीचा माल म्हशीला नको, बोकडाला नको, कोंबडीलाही नको.

दुसरा धोका ओल्या चोथ्याचा. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तो बिघडतो. घरी एक-दोन जनावरे असतील, तर ओला चोथा घेऊच नका. वाळलेला घ्या.

तिसरा धोका फॅटचा. चोथ्यात तेल असते. ते पोटात जास्त गेले आणि कडबा-कुटार कमी पडले, तर दुधाचे फॅट उतरते. डेअरीवर भाव कमी मिळतो. चोथा दिसायला भुशासारखा असला, तरी तो कडब्याची जागा घेऊ शकत नाही. रवंथाला लांब चारा लागतोच.

चौथा धोका चुन्याचा. हाडांना आणि दुधाला चुना लागतो, स्फुरदही लागते. चोथ्यात स्फुरद भरपूर आणि चुना अगदी थोडा. म्हणून त्याच्याबरोबर क्षार-मिश्रण द्यावेच लागते. बोकडाच्या बाबतीत तर फार जपावे. चोथा जास्त झाला की बोकडाच्या लघवीच्या वाटेत खडे होतात. खच्ची केलेल्या बोकडाची वाट अरुंद असते. खडा अडकला की लघवी तुंबते आणि जनावर दगावते. बकरी ईदच्या बाजारासाठी तुम्ही वर्षभर बोकड सांभाळता. शेवटच्या महिन्यात वजनाच्या लोभाने असे होऊ देऊ नका.

पाचवा धोका गंधकाचा. कारखान्यात गंधकाचे आम्ल वापरतात. ते चोथ्यात उतरते. गंधक फार झाले की जनावराच्या मेंदूला इजा होते. ते आंधळ्यासारखे चालते, झोकांड्या खाते, डोके भिंतीला टेकवून उभे राहते. असे दिसताच चोथा बंद करा. १९६२ ह्या क्रमांकावर फोन करा. हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक आहे आणि फोनला पैसे लागत नाहीत.

आणखी एक सांगून ठेवतो. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळे सांडपाणी उरते, ते खाद्य नव्हे. हातभट्टीचा उरलेला माल हेही खाद्य नव्हे. दोन्ही जनावरांपासून दूर ठेवा.

हिशेब करून पाहू

भाव रोज बदलतात. म्हणून इथे समजा धरून चालू.

समजा, सरकी ढेप ३३ रुपये किलो आहे. तिच्या एका किलोत २२० ग्रॅम प्रथिन आहे. म्हणजे १०० ग्रॅम प्रथिन १५ रुपयांना पडले.

समजा, चोथा २८ रुपये किलो आहे. त्याच्या एका किलोत २८० ग्रॅम प्रथिन आहे. म्हणजे १०० ग्रॅम प्रथिन १० रुपयांना पडले.

चोथा स्वस्त पडला, हे खरे. एक किलो ढेपेऐवजी एक किलो चोथा घातला, तर दिवसाला ५ रुपये वाचतात. महिन्याला १५० रुपये.

आता दुसरा हिशेब. म्हैस ६ लिटर दूध देते. चोथा बेहिशेबी घातल्याने फॅट उतरले आणि लिटरमागे २ रुपये भाव कमी झाला. दिवसाला १२ रुपये गेले. वाचवले ५, गमावले १२. आणि म्हैस आजारी पडली तर हिशेबच नको.

म्हणून चोथा स्वस्त आहे की नाही, हे पोत्याच्या भावावरून ठरत नाही. ते गोठ्यात ठरते.

किती आणि कसा घालावा?

म्हशीला शरीर टिकवायला दीड किलो खुराक लागतो. शिवाय दुधाच्या एका लिटरला अर्धा किलो. ६ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला असा साडेचार किलो खुराक झाला. त्यात चोथा एक किलोपेक्षा जास्त नको. बाकीचा खुराक असा करता येईल:

सरकी ढेप दीड किलो.
तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी एक किलो.
गव्हाचा कोंडा किंवा मक्याचा भरडा एक किलो.

चुनी मुद्दाम सांगितली आहे. मक्याच्या प्रथिनात जो भाग कमी असतो, तो डाळींच्या प्रथिनात असतो.

सुरुवात हळू करा. पहिले तीन दिवस पाव किलो. पुढचे तीन दिवस अर्धा किलो. पुढचे तीन दिवस पाऊण किलो. दहाव्या दिवसापासून एक किलो. जेवढा चोथा वाढवाल, तेवढी ढेप कमी करा. रोज ५० ग्रॅम क्षार-मिश्रण द्या. कडबा, कुटार आणि हिरवा चारा पूर्वीइतकाच ठेवा. पाणी भरपूर पाजा.

वाढत्या बोकडाला दिवसाला ५० ग्रॅमपासून सुरू करा. १०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. क्षार-मिश्रण १० ग्रॅम द्या.

ह्या दहा दिवसांत रोजचे दूध आणि डेअरीने सांगितलेले फॅट वहीत लिहून ठेवा. दूध आणि फॅट टिकले तर खाद्य मानवले. उतरले तर प्रमाण कमी करा. तुमच्या म्हशीची वही तुमच्याइतकी दुसरे कोणी लिहू शकत नाही.

अडचण आली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. आपल्या नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपूरलाच स्थापन झाले. तिथे शिकलेले डॉक्टर गावोगावी काम करतात. त्यांना विचारायला लाजू नका.

पोते कसे पाहावे?

डोळ्यांनी पाहा. चांगला चोथा सोनेरी-पिवळा असतो. काळपट असेल तर तो वाळवताना करपला आहे. करपलेले प्रथिन जनावराच्या अंगी लागत नाही.

नाकाने पाहा. चांगल्या चोथ्याला गोडसर आंबूस वास येतो. कुबट किंवा जळका वास आला तर घेऊ नका.

हाताने पाहा. मुठीत दाबून सोडा. मोकळा झाला पाहिजे. गोळे होत असतील तर ओल आहे.

आणि वाचून पाहा. पोत्यावर कारखान्याचे नाव, प्रथिन किती, ओलावा किती, माल कधीचा, हे असावे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर नसावा. मजकूर इंग्रजीत असला तरी आकडे तुम्ही रोज मोबाइलवर आणि एसटीच्या पाटीवर वाचता. शब्द दुकानदाराकडून वाचून घ्या आणि आपल्या वहीत मराठीत लिहा. बिल मागा.

घरी आणल्यावर पोते जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढेच आणा.

आणखी एक बाजू

कास्तकार बंधूंनो, हा चोथा आपल्या वावरातही येतो. कोंबड्यांचे आणि जनावरांचे खाद्य करणारे कारखाने पूर्वी सोयाबीनची ढेप घेत. आता ते काही प्रमाणात चोथा घेतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात भाव त्याच्या खालीच राहिला. त्याला इतरही कारणे होती, पण स्वस्त चोथा हे एक कारण होते. ज्याच्या गोठ्यात म्हैस आणि वावरात सोयाबीन आहे, त्याने दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडावे.

बाईंनी काय केले?

दुसऱ्या दिवशी बाई ढेपवाल्याकडे गेल्या. पोत्यावर काहीच छापलेले नव्हते. तोंड सोडायला लावून त्यांनी मूठभर माल हातात घेतला. गोळे झाले. त्या तशाच परत आल्या. ढेपवाला म्हणाला, "बाई, तुम्ही शिकून राह्यल्या तं आमचा धंदा बसते."

पंधरा दिवसांनी दुसऱ्या दुकानात छापील पोते मिळाले. प्रथिन २७, ओलावा ११. रंग पिवळा, वास चांगला. बाईंनी ते घेतले आणि पाव किलोपासून सुरुवात केली. रोजचे दूध आणि फॅट त्या वहीत लिहितात. अक्षर वाकडे आहे, आकडे बरोबर आहेत.

प्रश्न

१. मक्याचा चोथा कशापासून उरतो?
२. चोथ्यात कोणत्या चांगल्या गोष्टी तिप्पट होतात? कोणती वाईट गोष्ट तिप्पट होते?
३. बुरशी लागलेला माल उन्हात वाळवून का घालू नये?
४. बोकडाला चोथा जास्त झाला तर काय होते?
५. तुमच्या गावच्या दुकानात आज ढेपेचा भाव काय आहे? चोथ्याचा काय आहे? दोन्हींचे १०० ग्रॅम प्रथिन किती रुपयांना पडते, ते वहीत काढा.
६. तुमच्या घरी आलेल्या कोणत्याही खाद्याच्या पोत्यावरील आकडे वाचा आणि उद्या वर्गात सांगा.